काका, आज कुठली एकादशी?

2022 च्या मे महिन्यात बँकेतून रिटायर झालो आणि दिवाळीपासून पोटानं जो दावा धरला तो धरलाच. सकाळी चहा झाला की कळ, पळा, मोकळं झालं की बरं वाटायचं, अर्ध्या तासानं परत तेच, मग कधी तीन दिवस काहीच नाही. कट्ट्यावरचे म्हणाले रिकामपणाचे चोचले आहेत. ताक झालं, त्रिफळा झालं, जंताच्या गोळ्या झाल्या. एसटीचा प्रवास बंदच केला, भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो नाही, कारण विचारलं तर गुडघा सांगितला.

वर्षभरानं मुलगी पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी संडासच्या सात प्रकारांचा चित्रांचा तक्ता पुढं केला, म्हणाले नंबर सांगा. मुलीसमोर! मग रक्त पडतं का, वजन घटलं का, रात्री झोपेतून उठावं लागतं का. तिन्हीला नाही म्हटलं तरी म्हणाले, "साठीनंतर नव्यानं सुरू झालंय ना, कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, केल्याशिवाय मी आयबीएस, म्हणजे चिडकं आतडं, म्हणणार नाही." स्कोपी झोपेत होऊन गेली हो, पण आदल्या रात्रीचं ते दोन लिटर पावडरचं खारट पाणी आणि नंतरच्या फेऱ्या, वैऱ्यावर नको.

सगळं नॉर्मल. बायकोनं देवापुढं साखर ठेवली, मला मात्र खरं सांगतो वाईटच वाटलं, म्हणजे वर्षभर मी नाटक करत होतो का? डॉक्टर म्हणाले, "आतडं दिसायला चांगलंय, वागायला नाही. दुखतं ते खरंच दुखतं."

मग त्यांनी काय खाल्लं आणि पोट कसं वागलं याची वही लिहायला सांगितली. जुनी सवय, जमा आणि खर्च असे दोन रकाने (हसू नका). महिन्यानं बायकोनंच बोट ठेवलं, दोन्ही एकादशा आणि संकष्टीला खर्चाचा रकाना एकदम शांत! साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी, म्हणजे जड म्हणतात तेच सगळं. डॉक्टर म्हणाले, उपासाला कांदा, लसूण, गहू नसतो ना, त्यातली साखर आतड्यात आंबते आणि गॅस धरतो. तिन्ही बंद केले, मग एकेक परत घेऊन पाहिलं. दोन पोळ्या चालतात, कांदा नाहीच. रात्री इसबगोल, कळ आली तर मेबेव्हेरिनची गोळी. अजूनही महिन्यातून दोनतीन दिवस वाईट जातातच.

गेल्या महिन्यात एसटीनं साताऱ्याला गेलो. धाब्यावर गाडी थांबली, सगळे मिसळीवर तुटून पडले, मी डबा उघडून भगर खात बसलो. कंडक्टर वाकून बघतो आणि म्हणतो, "काका, आज कुठली एकादशी?"