खारघरच्या डोंगरकुशीत नऊ होल

ठाण्याहून पहाटे पाचला निघाले, की ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा मिळतो आणि नीट उजाडण्याआधी खारघरचे सेंट्रल पार्क गाठता येते. सिडकोने उभारलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स तेथून जवळच, डोंगरांच्या पायथ्याशी आहे. सप्टेंबर संपत आला होता आणि रात्री चांगलाच पाऊस झाला होता. माझा हँडिकॅप २४, म्हणजे पूर्ण फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण २४ जास्त लागतात, त्यामुळे स्कोअरची फारशी आशा नव्हतीच. ओल्या जमिनीवर या कोर्सची आखणी कशी वाटते, एवढेच पाहायचे होते.

बहुतेक खेळाडू कोर्सचा दर्जा लांबीवरून ठरवतात. मला अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या गोल्फ कोर्सच्या आखणीकाराचा निकष अधिक पटतो. १९२० साली त्यांनी आखणीची १३ तत्त्वे मांडली; कच्च्या खेळाडूला एक फटका जास्त मोजून का होईना, पण दुसरी वाट मिळाली पाहिजे आणि चेंडू शोधत हिंडण्याचा वैताग नसावा, ही त्यांतलीच दोन. एका पार-चारवर, म्हणजे चार फटक्यांत पुरा करायच्या होलवर, याचा प्रत्यय आला. पाण्याची वाट फेअरवेला (होलकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) तिरकी छेदत होती. माझ्या मित्राने ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने, चेंडू थेट पलीकडे टाकला आणि त्याला ग्रीनपर्यंत (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीपर्यंत) लहानसा फटका उरला. मी सात नंबरच्या आयर्नने अलीकडेच थांबलो, पुढे तिसऱ्या फटक्यात ग्रीन गाठले आणि तिथे दोन ‘पट’ (चेंडू होलकडे घरंगळवणारे हलके फटके) मारून बोगीवर, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन, सुटलो. पाणी सरळ आडवे असते, तर दोघांपुढे एकच प्रश्न असता. तिरके असल्यामुळे प्रत्येकाला आपल्या कुवतीप्रमाणे धाडस मापून घेता आले.

ओल्या मातीत चेंडू रुतत होते. असा चेंडू फेअरवेवर विनादंड उचलून जवळच ड्रॉप करता येतो, हा नियम पावसाळ्यात फार उपयोगी पडतो. चेंडू पडल्यावर घरंगळत नव्हता, त्यामुळे प्रत्येक होल नेहमीपेक्षा लांब भासत होता. उष्ण प्रदेशांतील कोर्सवर सर्रास लावले जाणारे बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. नुकतेच गणपतीला दूर्वांच्या जुड्या वाहिलेल्या माणसाने त्याच कुळातल्या गवतावर लोखंडी क्लब आपटताना मनात थोडे चरकते, हे कबूल करतो.

खरी परीक्षा ग्रीनवर झाली. डोंगर इतका जवळ आणि इतका उभा, की त्याच्या पायथ्याचा सौम्य उतार डोळ्यांना सपाट वाटतो, कधी तर उलटाही. चार फुटांचा पट मी सरळ लावला. क्लबची पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, “सर, डोंगराकडे पाठ करून बघा, बॉल खाली शहराकडे वळणार.” मी माझ्याच डोळ्यांवर विश्वास ठेवला. १०८ मिलिमीटर व्यासाच्या होलच्या कडेला स्पर्शही न करता चेंडू शहराच्या दिशेने दोन फूट पुढे गेला. पुढच्या ग्रीनवर पटर हातात घेण्याआधी मी डोंगराकडे पाठ करून उभा राहिलो.