गंगापूर रोडवरचे लॉन्स आणि शनिवारची रात्र

नाशकात आमच्या इमारतीच्या मागे, नदीच्या अंगाला, लग्नसमारंभांसाठी भाड्याने दिले जाणारे एक लॉन्स आहे. लग्नाच्या तिथी संपल्या की ते ओस पडलेले असायचे. गेल्या वर्षापासून मात्र तेथे दर शनिवारी खुल्या रंगमंचावर गाण्याचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. त्यावरून मागच्या रविवारी सोसायटीच्या सभेत सरळ दोन तट पडले. कार्यक्रम कायमचे बंद करा, असे एका बाजूचे म्हणणे, आणि शहरात राहायचे तर एवढे सोसावेच लागते, असे दुसऱ्या बाजूचे. मला या दोन्ही गोष्टी मान्य नाहीत, आणि का नाहीत ते सभेत नीट मांडता आले नाही म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या सासूबाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि त्या नऊच्या सुमारास अंथरुणाला पाठ टेकतात. त्यांच्या उशाशी पाण्याचा तांब्या असतो आणि त्यावर फुलपात्र पालथे घातलेले असते. शनिवारी रात्री ते फुलपात्र किणकिणू लागते. खिडक्या बंद असतात, पडदे ओढलेले असतात, गाण्याचे शब्द कळत नाहीत की सूर ओळखता येत नाही. भिंतीतून येतो तो फक्त ठोका. मी तांब्याच्या तोंडावर रुमालाची घडी ठेवून त्यावर फुलपात्र घालते, म्हणजे निदान तो किणकिणाट थांबतो. "अगं, छातीवर कोणी तरी थापा मारतंय असं वाटतं," असे त्या म्हणतात, आणि त्यावर माझ्याजवळ काही उत्तर नसते.

हा ठोकाच खरे तर सगळ्या भांडणाचे मूळ आहे. गायकाचा आवाज, बासरी, सतार यांचे उंच स्वर भिंती, काचा आणि झाडे बऱ्याच अंशी अडवतात. बेसच्या खालच्या स्वरांना मात्र साधी भिंत फारशी अडवू शकत नाही. त्यात नाशिकच्या थंडीची भर पडते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची त्या मानाने उबदार असते, त्यामुळे वर निघून जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली उतरतो आणि दूरवर पोहोचतो. मे महिन्यात जो कार्यक्रम आम्हांला जेमतेम जाणवला, तसाच कार्यक्रम डिसेंबरमध्ये घरात शिरल्यासारखा वाटला, तो याचमुळे असावा. आवाज मोजण्याची नेहमीची पद्धतही येथे कमी पडते. नियमातील मर्यादा ज्या 'डेसिबल ए' मापात दिलेल्या आहेत, ते माप माणसाच्या कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या स्वरांना कमी वजन देते. म्हणजे यंत्रावरचा आकडा मर्यादेच्या आसपास असतानाही घरातली भांडी थरथरू शकतात, आणि मग लॉन्सचे मालक म्हणतात आम्ही नियमात आहोत, रहिवासी म्हणतात तुम्ही खोटे बोलता, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात.

नियम अगदी स्पष्ट आहेत. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र दहा वाजता सुरू होते, आणि खासगी जागेच्या हद्दीवर ध्वनियंत्रणेचा आवाज या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सवलत आहे ती बंदिस्त सभागृहांना, आणि वर कापडी मांडव घातला म्हणून हिरवळीचे सभागृह होत नाही. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारा वाजेपर्यंत मुभा देऊ शकते. "गणपतीत चालते, मग हेच का खुपते?" या सभेतल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे: सणाचे दिवस मोजके असतात, आणि शनिवार वर्षाला बावन्न येतात. (पाडवा पहाटेचे कार्यक्रम सहाच्या आधी सुरू झाले, तर नियम त्यांनाही लागू होतो, हे मी तेथे आवडीने जाणारी असूनही मान्य केले पाहिजे.)

तरीही ते लॉन्स बंद व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. उघड्यावर बसून ऐकणे ही नाशकाची जुनी सवय आहे. गोदाघाटावर 1922 पासून वसंत व्याख्यानमाला भरते. आमच्याच इमारतीतली एक मुलगी त्या रंगमंचावर गाते. कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात कार्यक्रम करायचा तर आधी नाव हवे, तिकिटे खपण्याची खात्री हवी. तिच्यासारख्या नवोदितांना, साथीला बसणाऱ्या तबलजींना, साउंडवाल्या पोरांना हक्काचा असा हाच एक शनिवार मिळतो. सभेत ती उभी राहिली तेव्हा तिचा आवाज कापत होता. "काकू, आम्ही दहाला थांबतो, पण तुम्हांला आठलाच त्रास होत असेल तर आम्ही कुठे जायचं?" असे तिने विचारले, आणि मला तो प्रश्न फार लागला.

मला सुचते ते असे. रंगमंचाच्या मागे नदी दिसावी म्हणून स्पीकर आज थेट आमच्या इमारतींकडे तोंड करून आहेत. ते नुसते उलटे फिरवले तर पाण्यावरून आवाज पलीकडच्या मखमलाबादच्या बाजूला जाईल, आणि आमचा त्रास दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणे मला पटत नाही. मोठ्या दोन खांबांऐवजी लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, खाली झुकवून लावता येतात. बेस वाजवणारे मोठे स्पीकर, म्हणजे सबवूफर, अशा रीतीने मांडता येतात की मागच्या बाजूला बेस कमी जातो. यंत्रणेवर ठरावीक पातळीपुढे आवाज जाऊ न देणारा लिमिटर बसवून त्याची किल्ली मालकांनी स्वतःजवळ ठेवता येते. मोजणी हद्दीवर तर व्हावीच, शिवाय बेसला पुरेसे वजन देणाऱ्या 'सी' मापातही व्हावी. कार्यक्रम साडेनऊला संपला तर उरलेल्या अर्ध्या तासात गाड्या आणि माणसेही पांगतील.

मालकांनी येत्या शनिवारी अशी मांडणी एकदा करून पाहण्याचे कबूल केले आहे. ती मुलगी त्या दिवशी गाणार आहे. दोन्ही तटांतले एकेक जण मोजणीचे यंत्र घेऊन कुंपणाशी उभे राहतील, मी सासूबाईंच्या खोलीत बसेन, आणि त्या रात्री फुलपात्राखाली रुमाल ठेवणार नाही.