नळे तापले की टीव्ही यायचा: मांद्र्यातल्या एका घरातली वायर

मी गोव्यात म्हापशाला असतो, डिशची कामं करतो, नवीन बसवणं कमी आणि दुसऱ्यांनी बसवलेलं दुरुस्त करणंच जास्त. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नऊ दिवस राहिले होते तेव्हा मांद्र्याहून एका काकांचा फोन आला. तीन माणसं येऊन गेली, एलएनबी (डिशच्या दांड्यावरची सिग्नल पकडणारी डबी) दोनदा बदलली, डिश एकदा जागेवरून हलवली, सेट-टॉप बॉक्सही बदलून झाला, पैसे गेले ते गेले पण टीव्ही नीट होत नाही, चवथीला मुंबईहून सगळे येणार, आणि एकदा माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधली की त्या खोलीत शिडी लावायला मिळणार नाही, तर काय ते आधी करून जा, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी गेलो, पोचायला साडेबारा झाले. घर जुनं, पुढे बलकांव (ओसरी), मधे राजांगण (आतलं अंगण), वर नळे म्हणजे कौलं, आणि मागच्या बाजूला नवीन बाथरूमचा स्लॅब, त्याच्यावर डिश. टीव्ही लावला तर सगळे चॅनल व्यवस्थित, बॉक्समध्ये सिग्नल बघितला तर स्ट्रेंथ आणि क्वालिटी दोन्ही ऐंशीच्या आसपास. काका बिचारे ओशाळले, म्हणाले "सकाळी नव्हतं रे, देवाशपथ नव्हतं." मला त्यांचं खोटं वाटलं नाही, कारण आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे, आपण पोचलो की बिघाड लपतो. पण आधीची तिघंही दुपारीच आली होती असं बोलता बोलता कळलं, म्हणजे त्यांनी चालू असलेल्या टीव्हीची एलएनबी बदलली आणि झालं म्हणून निघून गेले.

काकांची आई बलकांवातल्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, बसून वाती वळत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "नळे तापले काय येता तें." मी विचारलं म्हणजे कसं आजी? तर म्हणाल्या सकाळचं कीर्तन कधीच दिसत नाही, अकरा-बारानंतर ऊन चढलं की सगळं येतं, तिन्हीसांजेला परत जातं, आणि रात्री पाऊस लागला असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही. हे त्यांनी आधीच्या तिघांनाही सांगितलं होतं, कोणी ऐकलं नव्हतं. मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण इतकी स्वच्छ माहिती गिऱ्हाइकाकडून फार क्वचित मिळते.

काकांचा संशय मात्र माडावर होता. डिशच्या समोरच दहा-बारा मीटरवर उंच माड, वारा आला की झावळ्या हलतात, तो तोडायचा की काय असं चाललं होतं. मी त्यांना स्लॅबवर नेऊन दाखवलं की डिश जिथे बघतेय असं वाटतं तिथे ती बघत नसते. आपल्याकडच्या डिश ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबीचा दांडा खालून येतो आणि डिश दिसते त्यापेक्षा वीसेक अंश जास्त वर बघते. उदाहरण म्हणून दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ घ्या, तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्वेला आहे, गोव्यातून तो आग्नेयेला आणि जमिनीपासून साधारण ६१ अंश वर येतो, म्हणजे माड दहा मीटरवर असेल तर तो डिशपेक्षा अठरा मीटर उंच असल्याशिवाय आडवा येणारच नाही. काकांच्या कंपनीचा उपग्रहही तितकाच उंच होता आणि माड काही एवढा नव्हता. शिवाय माड आडवा आला असता तर उन्हातसुद्धा आला असता. माड वाचला, मला त्याचं खरंच बरं वाटलं, भरलेला माड होता.

पावसाचंही तसंच. डिशचा सिग्नल ज्या केयू बँडवर येतो तो मुसळधार पावसात मरतो हे खरंच आहे, पण तेव्हा सगळेच चॅनल जातात आणि पाऊस थांबला की दहा-पंधरा मिनिटांत परत येतात, पाऊस थांबून पाच तास झाले तरी नाहीत असं पावसामुळे होत नाही.

मग मी ठरवलं की सकाळीच यायचं. तीन दिवसांनी रात्रभर पाऊस लागला आणि मी पहाटे निघून पावणेसातला त्यांच्या दारात. टीव्ही लावला, आणि अर्धे चॅनल गायब! नीट बघितलं तर काही चॅनल अगदी स्वच्छ आणि काही पूर्ण काळे, मधलं काही नाही. काळ्या चॅनलवर जाऊन बॉक्समध्ये बघितलं तर स्ट्रेंथ ७८ आणि क्वालिटी शून्य.

इथे थोडं सांगतो, कारण सगळं ह्याच्यावरच आहे. एकाच उपग्रहावरून सिग्नल दोन प्रकारे येतो, उभा आणि आडवा, व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल. एलएनबीने कुठला घ्यायचा हे तिला बॉक्स सांगतो, आणि तेही त्याच वायरीतून व्होल्टेज पाठवून, १३ व्होल्ट दिले की उभा आणि १८ दिले की आडवा. जी वायर सिग्नल खाली आणते तीच करंट वर नेते. एलएनबीपर्यंत पोचताना १८ चे १५ च्या खाली गेले तर तिला वाटतं उभाच मागितलाय, मग ती उभाच पाठवत राहते, बॉक्सला काहीतरी मिळतं म्हणून स्ट्रेंथ दिसते पण हवं ते मिळत नाही म्हणून क्वालिटी शून्य. गेलेले सगळे चॅनल आडव्यातले होते. म्हणजे डिश नाही, माड नाही, पाऊस नाही, १८ व्होल्ट वरपर्यंत पोचत नव्हते.

तरी खात्री करायला काकांचाच बॉक्स, माझा छोटा टीव्ही आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन स्लॅबवर गेलो, बॉक्सवर छत्री धरायला काकांना उभं केलं, आणि दोन मीटरच्या तुकड्याने बॉक्स थेट एलएनबीला जोडला. सगळे चॅनल आले, आजीचं कीर्तनसुद्धा. खालून आजींना आवाज ऐकू गेला, "आयलें मगो!" म्हणाल्या, म्हणजे आलं गं. डिश आणि एलएनबी सुटली, उरली मधली तीस मीटर वायर.

आता आधीच्या एकाने मल्टिमीटर लावला होता म्हणे, आणि १८ बरोबर येतात म्हणाला होता. तो खोटं बोलला नव्हता. मीही वायरीचं वरचं टोक एलएनबीतून काढून मोजलं तर १८.२ आले. पण रिकाम्या वायरीत करंटच वाहत नाही, मग व्होल्टेज पडणार कुठून? म्हणून मी बॅगेत एक १५० ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर ठेवतो, एका कनेक्टरला डाग देऊन लावलेला, तो एलएनबीच्या जागी लावला की वायरीवर साधारण एलएनबीएवढा भार येतो. तो लावला आणि त्याच्यावर मोजलं, १४.८. खाली बॉक्सजवळ तोच रेझिस्टर लावला तर १८.१. म्हणजे सव्वातीन व्होल्ट मधे कुठेतरी गळत होते, हिशेब केला तर चौतीसेक ओहम, आणि चांगल्या तांब्याच्या तीस मीटर वायरीत एक-दीड ओहमच्या वर निघायला नको.

मग माळ्यावर चढलो. वायर स्लॅबवरून वळचणीने येऊन नळ्यांच्या फटीतून आत शिरत होती, वाशावरून पुढे, आणि जिथे माटोळीची चौकट टांगतात बरोबर त्याच्या वर भिंतीतून खाली उतरत होती. टॉर्च तोंडात धरून हाताने वायर चाचपत गेलो. तिसऱ्या वाशापाशी काळ्या टेपचा लिंबाएवढा गोळा लागला. दोनेक वर्षांपूर्वी फांदी पडून तिथले नळे फुटले, तेव्हा वायरही तुटली होती आणि कोणीतरी ती जोडली होती. जॉइंट नळ्याच्या अगदी खाली, वीतभर अंतरावर. वरचा नळा ओलसर होता.

टेप सोडवायला गेलो तर तिचा डिंक वितळून काळा चिकटा झालेला, बोटाला लागला तो रॉकेलने काढावा लागला. आतमध्ये कनेक्टर नाही, काही नाही, मधली तार मधल्या तारेला पिळलेली आणि बाहेरची जाळी जाळीला पिळलेली, घरातल्या लाईटची वायर जोडतात तशी. पितळेच्या भांड्यात आमसूल राहिलं की जसा हिरवा कळंक धरतो तसा मधल्या तारेवर धरलेला, आणि ॲल्युमिनियमच्या जाळीची तर पांढरी भुकटी झालेली, फुंकर मारली तर उडाली. समुद्र तिथून चालत जाण्याएवढा जवळ, खारी हवा, पावसाची ओल, आणि तांबं नि ॲल्युमिनियम असे दोन धातू टेपच्या आत एकत्र, दुसरं काय होणार. ऊन चढलं की नळे तापायचे, जॉइंट सुकायचा, थोडं आखडून-पसरून तारा परत टेकायच्या आणि १८ व्होल्ट कसेबसे वर जायचे, संध्याकाळी दमट झालं की परत तेच. आजींचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

मी तो तुकडा कापून खाली आणला आणि आजींच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, म्हणाल्या "एवढंच?"

जॉइंट नवा करून भागलं असतं, पण मी पूर्ण वायर बदलायला सांगितलं आणि काका लगेच हो म्हणाले. जुन्या वायरीच्या मधल्या तारेला लोहचुंबक चिकटत होतं, म्हणजे आत लोखंड आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा. सिग्नलला ते चालतं पण करंटला जास्त अडवतं, आणि खाऱ्या हवेत मुलामा गेला की गंजच. दुकानात आरजी-६, म्हणजे डिशची वायर, मागताना चुंबक खिशात ठेवा, दुकानदाराला राग आला तरी चालेल. पूर्ण तांब्याची वायर आणली, डिशपासून टीव्हीपर्यंत अखंड, मधे एकही जोड नाही. घरात शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ दिला म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं, वायरीबरोबर आत येत नाही. एलएनबीच्या कनेक्टरवर साधी टेप न लावता ताणून गुंडाळायची रबरी टेप लावली, ती स्वतःलाच चिकटते आणि एकजीव होते. परत रेझिस्टर लावून मोजलं, १८.० आले.

निघताना पुतण्याने विचारलं की मागच्या खोलीत दुसरा टीव्ही लावायचाय, हा स्प्लिटर चालेल का, आणि त्याने केबलवाल्याचा जुना स्प्लिटर आणून दाखवला. त्याच्यावरच लिहिलेलं होतं ५ ते १००० मेगाहर्ट्झ. डिशचा सिग्नल वायरीतून ९५० ते २१५० मध्ये येतो, म्हणजे जवळजवळ सगळाच त्याच्या बाहेर. आणि चांगला स्प्लिटर लावला तरी एकाने १३ मागितले नि दुसऱ्याने १८, तर एलएनबी दोघांचं कसं ऐकणार? दोन तोंडांची ट्विन एलएनबी लावायची आणि दुसरी वायर वेगळी टाकायची, ते चवथीनंतर करू म्हटलं.

त्या रात्री पाऊस पडला नाही, मला उगाच चुटपुट लागून राहिली. चौथ्या दिवशी पडला, चांगला सकाळपर्यंत. सात वाजता मीच फोन केला. काका "थांब हां" म्हणाले आणि फोन टीव्हीजवळ नेला, टाळ वाजत होते, आणि मागून आजी कोणाला तरी आवाज बारीक करू नको म्हणून सांगत होत्या.