इन्सुलिन घेतलं की नाही, हेच आठवत नसेल तर
विसरभोळेपणा वाढू लागलेल्या वयस्कर मधुमेहींच्या बाबतीत डोस चुकण्यापेक्षा तो दोनदा घेतला जाण्याची भीती मोठी. इन्सुलिनच्या पेनकडे पाहून सकाळचं टोचून झालं की नाही, ते कळत नाही. म्हणून रविवारी सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या भरतानाच त्या त्या डोसची एक नवी सुई कप्प्यात ठेवा. बाकीच्या सुया नजरेआड. कप्प्यात सुई नाही, म्हणजे डोस झाला. वापरलेली सुई पेनवर राहू देऊ नका, जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाका. नाहीतर हा हिशेबच मोडतो. तरीही शंका आली तर पुन्हा टोचू नका. साखर मोजा, डॉक्टरांना फोन करा.

एकाएकी गोंधळणं, चिडणं, घाम येणं, हे घरच्यांना विसरण्याच्याच आजारातलं वाटतं; पण साखर एकदम उतरली तरी असंच होतं, आणि तिथेच घात होतो. आधी ग्लुकोमीटर! आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा, ७च्या खाली आणायचा हट्ट या वयात नकोच; अनेकांना ८च्या आत पुरतं. तेवढं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.