व्हॅलिड, साउंड आणि ट्रू: कुठला शब्द कशाला लावायचा

इंग्रजीतून तत्त्वज्ञान वाचताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'व्हॅलिड'चा. एरवी 'व्हॅलिड पॉइंट' म्हणजे पटणारा मुद्दा. तर्कशास्त्रात मात्र एकटं विधान व्हॅलिड नसतं, युक्तिवाद असतो. आधारविधानं खरी धरली तर निष्कर्ष खोटा निघूच शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'सगळे मासे उडतात; देवमासा हा मासा आहे; म्हणून देवमासा उडतो.' तिन्ही विधानं खोटी, तरी युक्तिवाद पक्का व्हॅलिड! आधारविधानंही खरी असली तरच तो 'साउंड'. 'ट्रू' फक्त विधानाला लावायचं.

म्हणून आधी युक्तिवादाचा सांगाडा तपासा, म्हणजे विधानांतून निष्कर्ष निघतो का ते; मग विधानं खरी आहेत का ते. क्रम उलटला की निष्कर्ष पटतो म्हणून सांगाड्यातली फट नजरेतून सुटते, आणि हे भल्याभल्यांचं होतं. 'पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणजे पाऊस पडला.' पाइपही फुटला असेल की! इथे पाऊस ही 'सफिशियंट' (पुरेशी) अट आहे, 'नेसेसरी' (आवश्यक) नाही.

'इम्प्लाय' आणि 'इन्फर'चं सोपं आहे: विधान इम्प्लाय करतं, म्हणजे त्यातून काहीतरी ओघाने निघतं; माणूस इन्फर करतो, म्हणजे तो ते ताडतो. 'बेगिंग द क्वेश्चन' म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं. प्रश्न उपस्थित होणं या अर्थाने हा शब्दप्रयोग तत्त्वज्ञानाच्या निबंधात वापरू नका.