क्वेंट म्हणे!

परवा भाची आली होती आमच्याकडे, ठाण्यातल्या चरईला. ती घोडबंदरला बाविसाव्या मजल्यावर राहते. चप्पल काढता काढताच तिला भिंतीवरचं बेकलाइटचं काळं गोल बटण दिसलं. खट्‌ करून दिवा लावला, विझवला, परत लावला. मग लाकडी जिना, कडीपाट, खुंटीवरची माझी पिशवी, सगळ्याचे फोटो. "मावशी, किती क्वेंट आहे गं तुझं घर!"

मी मान डोलावली. ते बटण पावसाळ्यात झटका देतं, हे सांगायचं राहून गेलं.

रात्री शब्दकोश काढून इंग्रजीतला हा 'क्वेंट' (quaint) शोधला. प्रुफं तपासण्यात उमर गेली, खोड जात नाही. मूळ लॅटिन शब्द 'कॉग्निटस', म्हणजे ओळखीचं, जाणलेलं. जुन्या फ्रेंचमधून तो १३व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता हुशार, कसबी, प्रसंगी धूर्तसुद्धा. पुढे कलाकुसरीचं, मग विचित्र, आणि १८व्या शतकाच्या अखेरीस कुठे 'जुन्या धाटणीचं पण लोभस'. म्हणजे निघाला ओळखीच्यापासून, आणि आता वापरतो कोण? ज्याला त्या घरात राहायचं नाही तो! कुणी तुमच्या सूचनेला 'क्वेंट आयडिया' म्हणालं तर खूश होऊ नका, बहुतेक वेळा ती खिल्ली असते.

मराठीत काय म्हणावं? 'टुमदार' जवळचा, पण टुमदार बंगला नवाकोराही असतो. 'जुन्या वळणाचं' यात वय येतं, गोडवा येईलच असं नाही. सासूबाईंना लावलं तर टोमणाच. 'जुनाट' हा शब्द मी आमच्या पुनर्विकासाच्या मीटिंगला ऐकते, पुढचा शब्द 'पाडा' असतो.

नुसतं वय असूनही भागत नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच आली. पण सकाळी लोकलला लोंबकळताना ठाणे स्टेशन कुणाला क्वेंट वाटलंय?

काल तिचा फोन आला. "बिल्डिंग पाडतील तेव्हा ते बटण मला ठेव हं."

म्हटलं, "आत्ताच ने की. वायरमनला बोलवायचंच आहे."

"नको नको, तिथेच छान दिसतं!"