यू-आठच्या बोगद्यात ऐकलेला ‘लो’

बर्लिनला जाण्याचे माझे कारण एक अल्बम होता. डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाचा ‘लो’ जानेवारी 1977 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या अकरापैकी सहा रचनांमध्ये अर्थ लागेल असे शब्द जवळजवळ नाहीतच. त्याला बर्लिनचा अल्बम म्हणतात, पण त्याचे बरेचसे ध्वनिमुद्रण फ्रान्समधल्या एरूव्हिल येथील एका जुन्या वाड्यात झाले आणि पश्चिम बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत तो पूर्ण झाला. सिंथेसायझरवर ब्रायन इनो होता. ताल सांभाळणारे तिघे मात्र न्यूयॉर्कच्या सोल आणि फंक या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारांत मुरलेले वादक होते: गिटारवर कार्लोस अलोमार, बासवर जॉर्ज मरे आणि ड्रमवर डेनिस डेव्हिस. अलोमार तर हार्लेमच्या अपोलो थिएटरच्या वाद्यवृंदात वाजवत असे. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याने डेव्हिसच्या ड्रमचा आवाज हार्मोनायझर नावाच्या यंत्रातून फिरवला, त्यामुळे टोला पडल्यानंतर त्याचा स्वर खाली घसरत जातो. वाजवणारा हात माणसाचा आहे हे कानाला कळते आणि तरीही मागे उरणारा आवाज कोणत्याही माणसाचा वाटत नाही. ही गोष्ट मला इतकी वर्षे ओढत होती.

पहिले दिवस सर्वांचे जातात तसे गेले. ब्रांडेनबुर्ग दरवाजा, संग्रहालयांचे बेट आणि पोट्सडामचा राजवाडा हे सारे पाहून झाले, आवडलेही, पण त्यांच्याविषयी लिहावे असे काही मनात उरले नाही.

हान्सा स्टुडिओ पोट्सडामर प्लाट्झजवळ क्योटेनर श्ट्रासेवर आहे. इमारत पहिल्या महायुद्धाच्या आधीची आहे. बोवी येथे काम करत होता तेव्हा आजूबाजूला बॉम्बहल्ल्यांनी मोकळी झालेली जमीन होती आणि खिडकीतून पूर्व आणि पश्चिम बर्लिन वेगळे करणारी भिंत व तिच्यावरचे पहारेकरी दिसत असत. आज त्या जागी काचेच्या उंच इमारती आणि खरेदीची संकुले आहेत. भिंत कोठून जात होती हे रस्त्यात बसवलेल्या दगडांच्या दुहेरी ओळीवरून कळते आणि त्या ओळीवर पाय ठेवून लोक आपापल्या कामाला निघून जातात. मी ज्या मार्गदर्शकाबरोबर हा परिसर पाहिला, त्याने जवळजवळ सगळा वेळ एकाच गाण्याला दिला. त्याच वर्षी आलेल्या पुढच्या अल्बममधले, भिंतीपाशी भेटणाऱ्या प्रेमिकांचे ते गाणे मलाही प्रिय आहे. परंतु ‘लो’च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूविषयी मी विचारले तेव्हा ती ऐकायला जड जाते, एवढेच उत्तर मिळाले. मला याचे मनापासून वाईट वाटले. त्या बाजूला चारच रचना आहेत. पहिली वॉर्सा शहरावर आहे आणि तिच्यात बोवी कोणत्याही भाषेत नसलेली अक्षरे गातो. तराणा ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात जड जाण्यासारखे काय आहे, हे मला खरोखरच समजत नाही. दुसरी रचना पश्चिम बर्लिनवर आहे. तिसरी भिंतीवर आहे आणि तिच्यातली सारी वाद्ये बोवीने स्वतः वाजवली आहेत. चौथी, ‘सबटरेनियन्स’, फाळणीनंतर पूर्व बर्लिनमध्ये अडकून पडलेल्या लोकांविषयी आहे, असे त्याने स्वतःच सांगितले होते. तिच्यातला सॅक्सोफोन म्हणजे त्या लोकांच्या मनात उरलेली जुन्या शहराची आठवण.

श्योनेबेर्गमध्ये हाउप्टश्ट्रासे 155 या घरात तो राहत असे. तेथे फलक आहे, फुले आहेत, आणि फुलांपेक्षा जास्त मोबाइल कॅमेरे आहेत. मी तेथे फार थांबले नाही.

मला जे हवे होते ते दुसऱ्या दिवशी जमिनीखाली सापडले. माझी मावसबहीण बर्लिनच्या उत्तर भागात राहते आणि रोज यू-आठ या भुयारी मार्गाने कामाला जाते. 13 ऑगस्ट 1961 रोजी सीमा बंद झाली तेव्हा या मार्गाची दोन्ही टोके पश्चिम बर्लिनमध्ये आणि मधला तुकडा पूर्व बर्लिनच्या खाली, अशी विचित्र स्थिती झाली. गाड्या चालूच राहिल्या, पण पूर्वेच्या सहा स्थानकांवर त्या थांबत नसत. त्या वापराबद्दल पश्चिम बर्लिन पूर्व जर्मनीला पैसे मोजत असे. स्थानकांची प्रवेशद्वारे बंद करून टाकली होती, पूर्वेत छापल्या जाणाऱ्या नकाशांतून ती गाळली होती, आणि मंद दिव्यांच्या फलाटांवर सशस्त्र पहारेकरी उभे असत. पश्चिमेचे प्रवासी वेग कमी केलेल्या गाडीच्या खिडकीतून हे सारे पाहत पुढे जात. वर रस्त्यावर चालणाऱ्या पूर्व बर्लिनकरांना पायांखालून जाणारी गाडी पकडता येत नव्हती.

आम्ही दोघी फोल्टाश्ट्रासे स्थानकावर गाडीत बसलो, कारण पश्चिमेचे शेवटचे स्थानक ते होते. दारे बंद होताच मी ‘सबटरेनियन्स’ लावले. साडेपाच मिनिटांच्या या रचनेत सुरुवातीला फारसे काहीच घडत नाही. खालून हळूहळू वर चढणारे खर्जातले स्वर येतात, उलटे फिरवलेले काही ध्वनी त्यांच्यावरून सरकतात, आणि दुरून पुरुषांच्या समूहाचा, शब्द नसलेला आवाज ऐकू येतो. बर्नाउअर श्ट्रासे आले. दारे उघडली, एक आई बाबागाडी घेऊन चढली, दोन विद्यार्थी हसत उतरले. ज्या फलाटावर 28 वर्षे कोणाला उतरता आले नाही, त्यावर ती मुले धावत जिन्याकडे गेली, आणि माझ्या कानात मात्र अजून 1976 सालचा अंधार चालू होता. रोझेनथालर प्लाट्झच्या नारिंगी फरशांचा उजेड खिडकीत भरला, त्याच सुमारास सॅक्सोफोन सुरू झाला.

हा सॅक्सोफोन बोवीने स्वतः वाजवला आहे. तो सफाईदार नाही. त्यात श्वास ऐकू येतो, सुरावर पोहोचण्याआधीची धडपड ऐकू येते, आणि इतक्या वेळ यंत्रांनी भरलेल्या त्या अवकाशात एक माणूस एकदम शेजारी येऊन उभा राहिल्यासारखे वाटते. या रचनेची मुळे 1975 मध्ये एका चित्रपटासाठी केलेल्या कामात आहेत, म्हणजे बर्लिनमध्ये राहायला येण्यापूर्वीची. हे मला आधीपासून ठाऊक होते आणि त्यामुळे मनात थोडी शंकाही होती की शहराचे नाव तिला नंतर चिकटवले गेले असावे. त्या बोगद्यात ती शंका उरली नाही. स्वर कोठेही सुचलेले असोत, त्यांना आपली जागा येथे मिळाली. सोल संगीतात गाणाऱ्याचा श्वास लपवत नाहीत. या अल्बममध्ये ड्रमचा ठेका बाजूला झाल्यावर ते सोलपण शेवटी या एका वाद्यात उरले आहे, असे मला त्या दिवसापासून ठामपणे वाटते.

अलेक्झांडरप्लाट्झ येईपर्यंत रचना संपली होती. मी इयरफोन काढून बहिणीला त्या स्थानकांची हकीकत सांगितली. यानोवित्सब्र्युके आले तेव्हा, भिंत पडल्यावर दोनच दिवसांनी, 11 नोव्हेंबर 1989 रोजी हे स्थानक सर्वांत आधी उघडले, हेही सांगितले. ती बराच वेळ बाहेर पाहत राहिली आणि म्हणाली, “ताई, मी रोज इथून जाते गं, आणि फोनमधून मान वर करत नाही.” मग तिने इयरफोन मागून घेतले. मोरिट्झप्लाट्झला उतरायचे होते, पण ती उठेना, म्हणून आम्ही थेट शेवटच्या हर्मानश्ट्रासे स्थानकापर्यंत गेलो. परतीच्या गाडीत तिने पुन्हा पहिल्यापासून ऐकले.

त्याच संध्याकाळी तिने मला नॉर्डबानहोफ स्थानकावर नेले. तेथे या बंद स्थानकांविषयी एक कायमचे प्रदर्शन आहे, फलकांवर जुनी छायाचित्रे व नकाशे आहेत आणि ते विनामूल्य पाहता येते. आम्ही होतो तितका वेळ तेथे दुसरे कोणीही थांबले नाही, आणि सकाळीच चेकपॉइंट चार्ली या जुन्या सीमानाक्याच्या चौकात छायाचित्रासाठी रांगा लागलेल्या मी पाहिल्या होत्या. त्या चौकातली चौकीची खोली नंतर उभारलेली प्रतिकृती आहे. यू-आठचे फलाट खरे आहेत, आणि त्यांच्यासाठी शहराचे साधे तिकीट पुरते. बर्लिनच्या संगीताची सफर घडवणाऱ्यांनी आपल्या मंडळींना हान्सापासून थोडे पुढे नेऊन एवढी सहा स्थानके तरी या रचनेसह घडवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.